फणसे, ज. यांचे सत्तावन्न उल्लेख

वाशीच्या त्या शिक्षण-संशोधन संस्थेत नंदिनी राजवाडे बारा वर्षं संशोधन-साहाय्यकच होती. तिच्यामागून आलेले तिघे प्रपाठक झाले, कारण संचालक डॉ. वामन देवस्थळींच्या मुलीच्या लग्नात त्यांना पंगतीत वाढता आलं. नंदिनीला वाढणं जमत नव्हतं. तिला वाचता येत होतं, आणि संस्थेत त्या गुणाला फारसं काम नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली देवस्थळींना परदेशातल्या एका मूल्यमापन मंडळावर जायचे डोहाळे लागले. मंडळाने विचारलं होतं, तुमच्या लेखनाचा आधार जगात कुणी, किती वेळा घेतला? प्रपाठकाच्या अर्जातही यंदापासून हाच रकाना आला होता. ती जागा तीन महिन्यांनी भरायची होती, आणि नंदिनीची ती शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वय उलटत होतं.

"नंदिनीबाई, आठवड्यात आकडा द्या," देवस्थळी म्हणाले. "जरा भरदार दिसू द्या."

उल्लेखसूचीचे खंड संस्थेत होते, खाडीच्या दमट हवेने फुगलेले, कुणी न उघडलेले. आडनावाप्रमाणे लेखक, आणि प्रत्येकाखाली त्याचा हवाला देणारे. अक्षर मुंगीएवढं. नंदिनी भिंग घेऊन बसली. देवस्थळी, वा.: अकरा वर्षांत नऊ उल्लेख. सात त्यांनी स्वतःच केलेले, आठवा मेव्हण्याचा. नववा परक्या माणसाचा निघाला म्हणून तिने ते नियतकालिक शोधून काढलं. त्यात लिहिलं होतं की देवस्थळींचं तिसरं कोष्टक चुकलं आहे.

मग तिने फणसे, ज. काढलं. सत्तावन्न.

फणसे, ज. म्हणजे तीच, लग्नाआधीची जयमाला. त्र्याहत्तर साली एका आंतरराष्ट्रीय वाचन-चाचणीत आपली मुलं तळाला गेली, तेव्हा ती उरणकडच्या मिठागरांच्या गावांत शाळाशाळांतून फिरली होती. मुलं घडाघडा वाचत होती. उतारा मात्र बर्फावरून घसरणाऱ्या गाडीचा होता. "बाई, ही गारी बुडत का नाय?" असं एकीने विचारलं, आणि जयमालेने ते तसंच लेखात घातलं. चाचणी वाचन मोजत नाही, बर्फ मोजते, असा लेखाचा निष्कर्ष. सरकार चिडेल या भीतीने देवस्थळींनी एका अक्षराचीही भर न घालता आपलं नाव दुसरं ठेवलं होतं. "तरुणांना पुढे करावं," म्हणाले होते. सूचीत मात्र लेख पहिल्याच नावाखाली मोजला जायचा. भित्रेपणाचं एवढं चोख फळ क्वचितच कुणाला मिळतं.

"फणसे कोण?" देवस्थळींनी विचारलं. "हजेरीपटात दाखवा."

"मीच, सर."

"तुम्ही राजवाडे. लग्नात ताम्हणातल्या तांदळात नवं नाव लिहिलं ना? मग? जुनं नाव तुम्हीच सोडलंत. लेखावर दुसरं नाव माझं आहे, ते सत्तावन्न माझ्यात धरा."

नंदिनीने धरले नाहीत. तिने दोन ओळी टंकल्या: देवस्थळी नऊ, पैकी स्वतःचे सात, फणसे, आताच्या राजवाडे, सत्तावन्न. देवस्थळींनी खाली पेनाने रेघ मारून लिहिलं, एकूण सहासष्ट. मंडळाने विद्वानांच्या सवयीप्रमाणे फक्त शेवटची ओळ वाचली. नेमणूक झाली. सत्काराच्या सभेत शाल, श्रीफळ, आणि एका वक्त्याने तर सरांचं नाव सहासष्ट देशांत गाजत असल्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या.

महिन्याभराने तिचा अर्ज आस्थापनेच्या सुधीरकडे गेला. त्याने तिला बोलावलं.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका, पण हे सत्तावन्न चालणार नाहीत. ते सरांच्या फाइलला लागलेत ना. एकच उल्लेख दोन माणसांना कसा दाखवायचा?"

"मग माझे किती?"

"राजवाडे नावावर? निल."

"लेखी द्या."

"काय?"

"हेच. फणसे यांचे सत्तावन्न उल्लेख सरांकडे धरल्यामुळे राजवाडे यांचे शून्य."

"काय मॅडम, तुमी पण!" तो हसला. पण पत्र मागितलं की द्यायचं, एवढा एकच धर्म तो पाळत असे. नियम शोधून, जावक क्रमांक घालून त्याने दोन प्रती टंकल्या, सही केली, गोल शिक्का हाणला.

एक प्रत तिने अर्जाला जोडली. जागा पंगतीत वाढता येणाऱ्या चौथ्या माणसाला मिळाली. मुलाखत सहा मिनिटं चालली, त्यातली चार चहात गेली.

त्याच संध्याकाळी ती घरी जेवणाच्या टेबलाशी बसली. नवऱ्याने, अरविंदने, विचारलं, "झालं का काही?" ती म्हणाली, "होतंय." दुसऱ्या प्रतीखाली, परदेशी मंडळासाठी, ती पत्राचं इंग्रजी भाषांतर करत होती. शब्दाला शब्द, जावक क्रमांकासकट. स्वतःचं एक अक्षर घातलं नाही. त्या पत्रात सुधारण्यासारखं काही नव्हतंच.