भांगाचा दिवस

हा लेख लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी मागितला, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. एक तर आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच; लिहिण्याची सवय घरी कुणालाच नाही. दुसरं कारण जास्त खरं आहे. ज्यांच्यावर लिहितो आहे त्या हिराजीनानांबद्दल मी याआधी एकदाच लिहिलं होतं, तेही अर्धं पान. त्या अर्ध्या पानाने त्यांचं नाव खराब झालं. नानांना वाचता येत नाही, म्हणजे याही वेळी मी काय लिहिलं ते त्यांना कळायचं नाही. तेव्हा काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी दोष मला द्यावा, नानांना नाही.

रेवसच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून आमचा कोळीवाडा आहे. हिराजीनाना तिथले तांडेल, म्हणजे होडीचं सुकाण ज्याच्या हाती असतं तो माणूस. त्यांचं घर आमच्या घराला लागून. मी त्यांना लहानपणापासून पाहिलं ते रागावलेलंच. सकाळी ओट्यावर बसून दात घासतानासुद्धा ते कुणावर तरी रागावलेले असत; कधी वाऱ्यावर, कधी बर्फवाल्यावर. पण कुणी दोघांची तुलना चुकीची केली, की त्यांचा राग वेगळाच असे. मग ते दुसऱ्याच्या घरातल्या बोलण्यातही घुसत.

माझा मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी बाबा मला बोलत होते. तलाठ्याच्या मुलाला माझ्याहून बरेच जास्त गुण होते. कुडाच्या पलीकडून नानांचा आवाज आला.

"त्याचे घरान मास्तर शिकवाला येतंय. यो पोर सुकटीचे वासान बसून शिकलाय. दोघांना एका पान्यावर घाल, मंग बोल!"

"नाना, तू तुजा बघ," बाबा म्हणाले.

"माजाच बघतंय. तुजा आवाज माजे घरान येतंय."

"एका पान्यावर घाल" हे त्यांचं नेहमीचं बोलणं. दोन होड्यांपैकी चलाख कुठली हे पाहायचं, तर दोन्ही एकाच वेळी, एकाच पाण्यात सोडायच्या. नाहीतर बोलायचं नाही. हा हिशेब ते माणसांनाही लावत.

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढे त्याचाच घात झाला. नाना कशालाही तोंड लावत नसत. आमच्याकडे दारूबंदीच्या दिवसांतही होळीला माडी कुठून तरी येतेच. एका होळीला त्यांच्या मेव्हण्याने पेला पुढे केला आणि म्हणाला, "घे रे, एक दिस काय व्हतंय?" नाना म्हणाले, "मी पिलू, तं उद्या सुकान कोन धरल? तुजा बापूस?" मेव्हणा म्हणाला, "बापूस मेला त्याला धा वरसां झाली." "तरी तुज्यापरीस बरा धरल," नाना म्हणाले आणि तो पेला त्यांनी वाळूत ओतला. त्यावरून मेव्हणा दोन महिने बोलत नव्हता.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी सोसायटीला सरकारी मदतीने इंजिनं मिळायची ठरली. लहान होडीच्या मागे टांगायची, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची. दोन जातींची इंजिनं नमुन्याला आली, एक लाल रंगाचं, एक निळं. दोन्हींपैकी कमी रॉकेल पिणारं ठेवायचं होतं. रॉकेल परमिटवर मिळे, होडीमागे ठरलेलं. म्हणजे जे इंजिन जास्त पिईल, त्याची होडी मासळीपर्यंत जाईल आणि परत यायला तिच्याकडे काही उरणार नाही. खांदेरी बेटाच्या पलीकडे टाकी कोरडी पडली, तर इंजिन म्हणजे मागे टांगलेला धोंडा. हे आमच्याकडे सगळ्यांना कळत होतं. साहेबांना कळत होतं की नाही, देव जाणे.

इंजिनांचे साहेब देशावरचे. माणूस वाईट नव्हता, पण बूट घालून ओल्या होडीत चढायचा. ते दर मंगळवारी येत. पहिल्या मंगळवारी कार्तिकातली अष्टमी होती. त्या दिवशी नानांनी लाल इंजिन लावून होडी खांदेरीला नेली आणि आणली. टाकीत बुडवायला त्यांनी बांबूची एक काठी केली होती, तिच्यावर चाकूने खाचा. तीन खाचा रॉकेल गेलं.

दुसऱ्या मंगळवारी त्रिपुरी पौर्णिमा. दिवाळीच्या सुट्टीमुळे मी घरी होतो, तेव्हा मीही होडीत होतो. नाना निघायलाच तयार नव्हते.

"साहेब, आज नको. आज पौर्णिमा हाय."

साहेब हसले. "का हो तांडेल, उपास आहे वाटतं?"

"उपास माजा नाय. इंजिनाचा सोडाचा हाय. आज ता जास्त पिनार."

साहेबांना पुढच्या मंगळवारी दुसऱ्या गावी जायचं होतं. निळं इंजिन लावून आम्ही निघालो. पौर्णिमेची भरती अंगावर घेत खांदेरीला पोचलो. तिथे साहेबांना दीपगृह पाहायचं होतं. ते पाहून, शहाळं पिऊन उतरेपर्यंत पाणी फिरलं, आणि परतताना सुकती, म्हणजे ओहोटी, अंगावर आली. घरी येऊन नानांनी काठी बुडवली. पाच खाचा गेल्या होत्या.

"लाल पास," साहेब म्हणाले.

"साहेब, हातान धरल्यावर मना कलतंय. निला कमी पितंय," नाना म्हणाले. "त्या मंगलवारी भांग व्हता. आज उधान. जाताना भरती तोंडाला, येताना सुकती तोंडाला. दोघांना एका दिसान, एका पान्यावर घाला. बाजूबाजूला दोन होऱ्या."

"मला असं तोंडी सांगून चालत नाही. लेखी तक्रार द्या. इंग्रजीत असेल तर कागद लवकर हलेल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

इथे वाचकांसाठी सांगतो. अष्टमीच्या सुमाराला भरती मंद असते, पाण्याला ओढ नसते. त्या दिवसांना आम्ही भांग म्हणतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. हे दोन शब्द आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतात. मला ते माहीत होते, पण त्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत नव्हतं. मी दोन वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकलो होतो आणि मला ती अडचण सांगायची लाज वाटली. मी अर्धं पान लिहिलं, फार झोकात लिहिलं, आणि ते दोन शब्द तसेच रोमन अक्षरांत ठेवले. समुद्राचं खातं आहे, त्यांना कळणारच, असं मी धरून चाललो. मराठीत लिहिलं असतं तर भांगाचा दिवस की भांगेचा, हे एका मात्रेने तरी कळलं असतं. रोमन अक्षरांत ती मात्राही गेली.

"वाच," नाना म्हणाले. मी इंग्रजीत वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. भांग आला तेव्हा त्यांनी मान हलवली, उधाण आलं तेव्हा पुन्हा हलवली. "दोन शबूद बराबर हायत. बाकी तुजा तू," ते म्हणाले आणि अंगठा दिला.

उत्तर आलं तेव्हा नाताळच्या सुट्टीत मी गावीच होतो. सोसायटीच्या चेअरमननी ते सगळ्यांसमोर वाचलं. पहिल्या चाचणीच्या दिवशी आपण भांगेच्या अमलाखाली होतो, असे तांडेलने स्वतः लेखी कबूल केले आहे. सबब तक्रार विचारात घेता येत नाही. सदर इसमाच्या हाती मदतीचे इंजिन देऊ नये.

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "नाना, एकट्यानंच घोटलीस? आमाला नाय दिलीस ती!" आणि सगळे हसले. तोच मेव्हणा सगळ्यांत मोठ्याने हसला. मी नानांकडे पाहिलं. आता ते उठतील, ओरडतील असं मला वाटलं. तेव्हा पहिल्यांदाच मी त्यांना न रागावलेलं पाहिलं. ते मला हळूच म्हणाले, "शबूद तं बराबर व्हते ना रे?"

त्यांचा तो राग तेव्हापासून माझ्याकडे आला आहे, आणि तो मला अजून सांभाळता येत नाही.

मुंबईला कॉलेजात परतल्यावर, जिथून ते उत्तर आलं होतं त्या ऑफिसात मी चार वेळा गेलो. चौथ्या वेळी एका कारकुनाने ऐकून घेतलं. मी भांग म्हणजे काय ते सांगितलं, कागदावर चंद्र काढून दाखवला. तो शेजारच्या टेबलाला म्हणाला, "ऐकलंत का? यांच्याकडे भरतीला भांग म्हणतात. ओहोटीला अफू म्हणत असतील." ते दोघे हसले. त्या टेबलावरची दौत उचलून भिंतीवर मारावी असं मला वाटलं, आणि मी काय म्हणालो? मी "सॉरी सर" म्हणालो. हे लिहिताना मला आजही स्वतःची चीड येते.

त्याने मला एक छापील कागद दिला. तक्रारदाराने हमीपत्र दिल्यास दोन्ही इंजिनांची पुन्हा, एकाच दिवशी चाचणी घेण्याचा विचार होईल. मी तो संक्रांतीला घरी नेला आणि नानांना वाचून दाखवला: "यापुढे मी कोणतेही मादक द्रव्य सेवन करणार नाही."

"यापुढं?" नाना म्हणाले.

"हो."

"यापुढं म्हंजे? आजवर करत व्हतू?"

त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि मासळीच्या टोपलीत टाकला. मग त्यांचा राग परत आला, आणि मला बरं वाटलं. साहेबाचे बूट, चेअरमन, मेव्हणा, मी, माझं कॉलेज, कुणाला त्यांनी सोडलं नाही. "दर्यान बुडन, पन यो अंगठा देनार नाय!" ते म्हणाले. मी म्हटलं, "नाना, द्यायचाच नाही. चूक माझी आहे, ती मी दुरुस्त करून आणतो. तोवर कुणी काही म्हणो." तो कागद मी तेव्हाच फाडायला हवा होता. फाडला नाही. सरकारी कागद फाडण्याची हिंमत आमच्याकडे अजून कुणाला झालेली नाही. नानींनी तो टोपलीतून काढून वाळत घातला.

मी अर्ज लिहीत राहिलो. आता मराठीत लिहीत होतो, भांगाचा हा शब्द अधोरेखित करून. एकाचंही उत्तर आलं नाही. तिकडे सोसायटीत पहिली तीन लाल इंजिनं येऊन होड्यांना लागली. त्यातल्या एका होडीवर बाबा होते. होळीला मला परीक्षेमुळे गावी जाता आलं नाही.

चैत्रात बाबा रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर आले. मी उतरवून घ्यायला गेलो होतो. ते खुशीत होते. सुकटीची पिशवी माझ्या हातात देण्याआधीच त्यांनी सांगितलं, "निला पास झाला!"

"काय सांगता?"

"एका दिसान, एका पान्यावर, दोन्ही होऱ्या बाजूबाजूला. साहेब सोता व्हता. लाल्याची टाकी संपली, ती होरी वल्हवीत आनली. निल्याचे टाकीन रॉकेल उरला. आता बाकीची सगली निलीच येनार. साहेबान नानाशी हात मिलवला."

मला धक्क्यावर नाचावंसं वाटलं. माझे अर्ज वाया गेले नाहीत असं मला वाटलं. मी विचारलं, "म्हणजे ऑफिसने शेवटी चूक मान्य केली? भांग म्हणजे काय ते कळलं त्यांना?"

बाबा पिशवीची गाठ पुन्हा बांधू लागले. ती आधीच नीट होती.

"त्यांना काय कलनार," ते म्हणाले. "होलीचे उधानान आमचा रॉकेल संपला. दोन होऱ्या खांदेरीपल्याड व्हावत गेल्या. अख्खा दिस. दुसरे दिशी लाँचीन बांधून आनल्या. नाना किनाऱ्यावरशी बघत व्हता. आमी उतरलाव, तवा तो सोसायटीन गेलेला."

"कशाला?"

"त्या कागदावर अंगठा दिलान."