सुमनताईंच्या अंदाजातली शेवटची ओळ

सुमनताई झांबरे माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते एवढंच: "खड्डा पाहिलात?"

तेव्हा खराडीच्या शेतांत आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठू लागल्या होत्या. अशाच एका बांधकामावर किती काँक्रीट मागवायचं याचा अंदाज काढणं हे ताईंचं काम, आणि मी त्यांच्या हाताखालचा नवा इंजिनिअर. पायाचा अंदाज मी कॉम्प्युटरवर तीन दशांश स्थळांपर्यंत काढून नेला होता. "ड्रॉइंग आहे ना, मॅडम," मी म्हणालो.

"बरं. मग काँक्रीट ड्रॉइंगवरच ओता."

टेप घेऊन त्या स्वतः खड्ड्यात उतरल्या. जेसीबीने एक बाजू वीतभर जास्त खोदली होती. माझ्या हिशेबाने काँक्रीटच्या दोन गाड्या कमी पडल्या असत्या. आमच्या ठेकेदार साहेबांपुढे मात्र त्या 'आमचा अंदाज चुकला होता' असंच म्हणाल्या.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवअंकासाठी समितीने लेखकांना वादाचे प्रसंग टाळायला सांगितलं आहे. क्षमा असावी, पण पुढचा प्रसंग गाळला तर ताईंचा गौरव करायचा तरी कशाचा?

आमचे मजूर पत्र्याच्या बारा खोल्यांत राहत, खाली काळी माती. यवतमाळकडची एक मजूर बाई ताईंना म्हणाली, "लोकाइच्या फरश्या आमी घोटून देतो बाई, अन् आमच्या खोलीत पाणी निंगते." पावसाळा तोंडावर होता. पुढच्या स्लॅबच्या मागणीपत्रात ताईंनी शेवटी एक ओळ घातली: मजुरांच्या बारा खोल्यांची जमीन, तीन इंच जाड, आठ घनमीटर.

"ही ओळ काढा," साहेब म्हणाले.

"आकडा चुकलाय का?"

"आकडा बरोबर आहे हो. वेस्टेजमध्ये धरा, सांडलं-वाया गेलं म्हणून; मी बघितलं नाही असं समजतो."

सगळी गँग स्लॅबवर खोळंबली होती, आणि ताईंच्या सहीशिवाय प्लांटवरून काँक्रीटची गाडी हलत नसे. मीही हळूच म्हणालो, "ताई, टाकू की वेस्टेजमध्ये." त्या मूळच्या लोणी काळभोरच्या, संतापल्या की गावची बोली येई. "मानसं राहत्यात तिथं. त्यास्नी वेस्टेज म्हनून लिव्हायचं व्हय?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि हात झटकले. ताईंनी सही केली, ती त्या ओळीसकट. दुपारनंतर बाराही खोल्यांत काँक्रीट पडलं. इमारत पुरी झाल्यावर मात्र साहेबांनी त्यांना पुढच्या कामावर बोलावलं नाही. आठ महिने त्या घरी बसून होत्या. शहाणी माणसं म्हणाली, एका ओळीपायी हट्ट केला. हो, केला. आणि मी तेव्हा दुसऱ्या बाजूने बोललो याची मला आजही लाज वाटते.

आता माझी स्वतःची बांधकामं आहेत. प्रत्येक साइटच्या मागणीपत्रात ती ओळ असते. कोणी ना कोणी अजूनही 'वेस्टेजमध्ये धरा' म्हणतंच. मी धरत नाही.

ताई, गेल्या महिन्यात आपण न सांगता माझ्या कात्रजच्या साइटवर आलात. मी ऑफिसात चहा मागवला. आपण काठी टेकत आधी मजुरांच्या खोल्यांकडे गेलात आणि चप्पल काढून तिथल्या जमिनीवर उभ्या राहिलात. पंचाहत्तरी झाली, आता शंभरी गाठा. गुडघे आणि डोळे ठणठणीत राहोत, आणि आम्ही ती ओळ खोडली नाही ना, हे पाहायला आपण अशाच न सांगता येत राहा.