फाट्यापर्यंतची पाळी

बेबीनंदावहिनी माझ्या चुलतभावाची, भारतची बायको. तिच्या तोंडाला गावात सगळे वचकून असतात, मीसुद्धा. मी जालन्यात मस्तगडला राहतो. गावातल्या माझ्या घराला सहा वर्षं कुलूप आहे आणि वहिनी भेटली की माझ्याआधी त्या कुलपाची विचारपूस करते.

गावाला एकच एसटी. सकाळी साडेसातला निघते, चार किलोमीटरवरच्या फाट्यावरून टेंभुर्णीला जाते, संध्याकाळी माघारी येते. वहिनीची साक्षी नववीत, याच गाडीनं टेंभुर्णीच्या शाळेत जायची. भारतनं एकदाच सांगून ठेवलं होतं, "बस हे तवर शाळा. बस बंद झाली की पाहुणे बघायचे." भारत कमी बोलतो, पण बोललेलं मागे घेत नाही. वहिनीची स्वतःची शाळा सातवीत सुटली आणि सोळाव्या वर्षी ती आमच्या घरात आली. नवऱ्याचं ते वाक्य ऐकल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

गाडी रिकामी पळते म्हणून बंद करणार, अशी कुणकुण दोन वर्षांपूर्वी लागली. तेव्हा वहिनीनं गावात पाळी लावली. रोज पाच घरांतल्या एकेका माणसानं गाडीत बसायचं, फाट्यापर्यंतचं तिकीट काढायचं आणि चालत परत येऊन शेतात जायचं. फाट्यावर कुणाचंच काही काम नसायचं. गाडीत माणसं दिसली पाहिजेत, एवढंच.

सुरुवातीला एका घराची पाळी बारा दिवसांनी यायची. मग कुणी वाळूजला कंपनीत गेलं, कुणी पुण्याला. एका दाराला कुलूप लागलं की पाळी पुढच्या दारावर सरकायची. यंदा दिवाळीनंतर ती तिसऱ्या दिवशी यायला लागली. उरलेली माणसं दमली होती. वहिनीला येताना बघून एकदोघं दार लोटून घ्यायला लागली.

त्याच दिवसांत मी घराचे पत्रे बघायला मुक्कामी गेलो. सकाळी वहिनी दारात हजर.

"भावजी, आज तुमच्या घराची पाळी हे. दोन वर्षं चुकवली, आज तरी बसा."

बसलो. गाडीत आम्ही पाचजण, साक्षी आणि तिच्या शाळेच्या दोन मुली. मागच्या सीटवर एक अनोळखी साहेब वही घेऊन बसले होते. तपासणीला आले होते. वहिनीनं मला कोपरानं ढोसलं, तिचा चेहरा खुलला होता.

फाट्यावर आम्ही पाचही उतरलो. साहेब दारापर्यंत आले.

"सगळे इथंच उतरता? या पोरी सोडून पुढं कुणी जात नाही?"

"आम्ही रोजचे हावोत, साहेब," वहिनी अभिमानानं म्हणाली. "गाडी कधी रिकामी सोडत न्हाई. इथं उतरतो आन् चालत माघारी जातो."

"रोज चालत?"

"बिलकुल रोज. म्हातारे बी चालतेत."

साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. त्यांनी ते कशासाठी लिहून घेतलं याची मला तेव्हाच शंका आली होती, पण वहिनी इतकी खुशीत होती की मी तिच्याबरोबर गावाकडे चालायला लागलो.

तीन आठवड्यांनी चालकानं गावात येऊन सांगितलं, उद्यापासून गाडी फाट्यावरूनच वळणार. लोक रोज फाट्यापासून गावापर्यंत चालतात, तर गावापासून फाट्यापर्यंतही चालतील, असं वरच्यांचं म्हणणं पडलं.

वहिनीनं भारतसमोर हात जोडले. "मी सोडीन तिला फाट्यावर. सकाळी बी, सांजच्याला बी."

"दिवसाला सोळा किलोमीटर? आन् रान कोण बघंल?" भारत म्हणाला, आणि विषय संपला.

आठवड्यानं त्याचा मला फोन आला. "बुधवारी पाहुणे येऊन राह्यलेत, साक्षीला बघायला. फाट्यावून गावात यायला साधन न्हाई. तुझी गाडी घेऊन ये, त्याह्यला आणायला."

पोरगी पंधराची आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी "बरं" म्हणालो. त्याची मला फार लाज वाटते, पण बुधवारी सकाळी नऊ वाजता मी फाट्यावर गाडी लावून पाहुण्यांची वाट बघत उभा होतो.