दोन बंदुका, एकच रंग

विषय : कर्मचारी क्रीडा मंडळाच्या ताब्यातील, दिसायला एकसारख्या दोन हवाई बंदुकांपैकी खरी कोणती, हे ठरविणेबाबत.

नोकरीत असताना कागद साठतात आणि निवृत्तीनंतर किस्से. कागदांना निदान वाळवी लागते, किश्शांना तीही सोय नाही. बंदुकीचं नाव काढलं की आमची मंडळी आता चहा टाकायच्या निमित्तानं आत निघून जातात. तेव्हा प्रकरण तुमच्यापुढे सादर.

*

पहिली बंदूक आली दोन हजार सालाच्या मागेपुढे. जालन्याच्या आमच्या ऑफिसातून बदलून गेलेल्या साहेबांनी ती मंडळाला भेट दिली होती. परदेशी बनावटीची, हवेवर चालणारी, छऱ्याची. खोकं उघडलं आणि सगळा स्टाफ आत डोकावायला लागला. बंदूक अर्धीच होती!

आमचे शिपाई शेखचाचा यांनी खोकं उलटं करून झटकलं. "साब, बाकी की बंदूक किधर रह गई?"

मंडळाचे सचिव कुलकर्णी भाऊसाहेब यांनी खुलासा केला. या जातीला बुलपप म्हणतात. चाप पुढे सरकवलेला असतो आणि हवेची टाकी, झडप वगैरे सगळा कारभार मागच्या दस्त्यात. नळी पूर्ण लांबीची, बंदूक मात्र आखूड.

"म्हंजे जे काय फुटंल ते गालाखाली फुटंल," नाझर गायकवाड म्हणाले. ऑफिसचं सगळं सामान त्यांच्या ताब्यात असे, त्यामुळे कुठलीही नवी वस्तू पाहिली की ती फुटणार कशी, हेच त्यांना आधी दिसे.

*

ती बंदूक खरी चालवावी ती आमच्या रोखपाल शाखेतल्या सुरेखाताईंनी. बदनापूरहून रेल्वेनं यायच्या आणि ऑफिस सुटल्यावर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव करायच्या. त्यांचे सगळे छर्रे एकाच भोकात जात. पुरुष मंडळींना रांगेत थांबावं लागे, आणि नंबर आल्यावर रांगेतच बरं होतं असं वाटे.

म्हणून दुसरी बंदूक हवी झाली. कुलकर्णींनी एमआयडीसीतल्या जगन्नाथ मिस्त्रीला गाठलं. मळणी यंत्राचे सुटे भाग बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नमुन्याला परदेशी बंदूक दिली, पण एका अटीवर : ती उघडायची नाही. आतले भाग तो बदलून घेईल, अशी भाऊसाहेबांना शंका. मिस्त्रीनं गळ्याला हात लावून शब्द दिला.

दोन बंदुका परत आल्या तेव्हा आम्ही पाहतच राहिलो. आकार तोच, वजन तेच, परदेशी कंपनीचं नावगावसुद्धा कोरलेलं. पहिली बंदूक शेडमध्ये पडली होती, तिच्यावर एक चरा होता. मिस्त्रीनं नव्या बंदुकीवर तोही काढला होता!

खरी ओळखू यावी म्हणून तिला फाइलीची लाल फीत बांधावी लागली.

*

नवी बंदूक चालायला लागली, एवढंच तिच्याबद्दल बरं बोलता येईल. पहिल्या सामन्यात कुलकर्णींनी नेम धरला. त्यांचा कागद कोरा राहिला आणि शेजारच्या सुरेखाताईंच्या कागदाच्या मधोमध भोक पडलं. छर्रा कोणाचा, याबद्दल नियमावलीत काही नव्हतं. गुण ताईंना मिळाले.

शिवाय प्रत्येक बाराला दस्त्यातून हवा सुटे आणि भाऊसाहेबांची एका बाजूची मिशी उडे. आम्ही हसायचो. एका संध्याकाळी मात्र मोठा आवाज झाला, त्यांचा चष्मा शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडला आणि भुवईतून रक्त आलं. भाऊसाहेबांनी समोर हात चाचपत विचारलं, "गायकवाड, मला दिसून राह्यलंय का?"

चष्म्याच्या काचेमुळे डोळा वाचला होता.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं सगळ्यांदेखत त्याची बंदूक उघडली. आत कापसावर औषध मारायच्या पंपाची नळी आणि त्याच पंपाचं वायसर. वजन जुळावं म्हणून भरलेलं शिसं वेगळं. आम्ही त्याच्यावर तुटून पडलो. तो शांत. "तुम्ही भायेरून दाखवली, म्या भायेरून बनवली. उघडू नको म्हन्ल्तं तुम्हीच. म्या शब्द पाळला."

मग त्यानं तिथेच नवं वायसर बसवलं, "आता बराबर चालंल" म्हणाला आणि गेला. दोन्ही बंदुका कपाटात ठेवल्या. आता फीत असलेलीच बाहेर काढायची, असं ठरलं.

*

पुढे तपासणी आली. तपासणीआधी सगळ्या सामानाला एकच करडा रंग द्यायचा आणि वर पांढऱ्या अक्षरांत नंबर टाकायचा, ही गायकवाडांची जुनी पद्धत. कपाटं झाली, स्टुलं झाली, पाण्याचा पिंपही झाला. बंदुकाही झाल्या. रंग नीट बसावा म्हणून त्यांनी दोन्ही आधी पॉलिश पेपरनं घासून घेतल्या. नाव गेलं, चरा गेला. फीत तर रंगात आडवी येते म्हणून सगळ्यांत आधी सोडली.

कुलकर्णी कपाटापुढे उभे राहिले आणि त्यांचा हात आपोआप भुवईकडे गेला. "नाझरसाहेब, यातली माझ्या डोळ्यावर उठल्ती ती कोणती?"

"रेकॉर्डला दोन्ही सारख्याच हायेत," गायकवाड म्हणाले.

टपालाच्या काट्यावर वजन केलं, दोन्हींना काटा एकाच आकड्यावर थांबला. मिस्त्रीला पुन्हा आणलं. त्यानं दोन्ही बंदुका उलटसुलट करून पाहिल्या आणि त्याचा चेहरा अभिमानानं फुलला. त्यालाही ओळखू येत नव्हतं! उघडून सांगतो म्हणाला, तर गायकवाड आडवे आले. दप्तरी नंबर पडलेली वस्तू परवानगीशिवाय उघडली तर ती मोडतोड. झाडाला बांधून दोरीनं चाप ओढायचं निघालं, तर काही फुटलं तर जबाबदारी दोरी ओढणाऱ्याची, असं ठरलं. दोरी कोणी ओढेना. राहिला एकच उपाय : हवा भरायची आणि गाल टेकवायचा. त्या दिवशी सगळ्यांना एकदम कामं आठवली.

*

नेमकी त्याच सुमारास राज्य पातळीवरच्या कर्मचारी स्पर्धेची निवड चाचणी लागली. जिल्ह्यातून महिलांची एकच जागा. सुरेखाताईंनी दोन्ही बंदुका उघडून तपासायची परवानगी मागणारा रीतसर अर्ज दिला. साहेबांनी तो अभिप्रायासाठी वर पाठवला. वरून विचारणा आली : बंदुकांपैकी परदेशी कोणती व देशी कोणती, ते आधी कळवावे, म्हणजे परवानगीचा विचार करता येईल.

चाचणीच्या सकाळी मैदानावरच्या टेबलावर दोन्ही करड्या बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. कुलकर्णी ताईंना अजिजीनं म्हणाले, "ताई, जाऊ द्या. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी माझं वय बसत न्हाई, भाऊसाहेब."

त्यांनी डावीकडची बंदूक उचलली. पंपानं हवा भरली. आम्ही सगळे मागे सरकलो, गायकवाड तर जीपच्या आड गेले. ताईंनी पदर खोचला, दस्त्यावर गाल टेकवला आणि चाप ओढला. मग दुसरा छर्रा. मग तिसरा. शेवटचा सुटला तेव्हा कागदावर मधोमध एकच भोक होतं. टाळ्या वाजल्या नाहीत, कारण कोणी श्वासच घेत नव्हतं.

मी पुढे होऊन विचारलं, "ताई, ओळखली कशी?"

त्यांनी बंदूक टेबलावर ठेवली आणि गालावरचा घाम पुसला.

"न्हाई ओळखली," त्या म्हणाल्या.

सुरेखाताईंची निवड झाली. दोन्ही बंदुका उघडून पाहण्याच्या परवानगीचा अर्ज प्रलंबित आहे.