खिडकीचा ताल

लातूर-नांदेड एसटीत माझ्याजवळची खिडकी सारखी खडखडत होती. वैतागून मी तिच्यावर हात आपटला, "गप की गं, बाई!"

शेजारी गळ्यात हेडफोन अडकवलेला पन्नाशीचा डीजे होता. गुडघ्यावर बोटं वाजवत त्यानं रेकॉर्डिंग चालू केलेला मोबाईल खिडकीपाशी धरला होता. "तिला गप करू नका, सर. ताल धरून राहिली ती. ह्यात संबळ घालतो, खाली मशीनचा ठोका. तुमचं ओरडणं बी ठिऊ का?"

मी हसून "हाव, ठेवा की" म्हणालो. नाव विचारायचं राहिलंच.

परवा उमरीच्या वरातीत तेच वाजलं. खडखड, संबळ, छातीत धडधडणारा ठोका आणि मधूनच माझं "गप की गं, बाई!" सगळे त्यावर बेभान नाचत होते. मीही घुसलो.

बायको नाचता नाचता कानात ओरडली, "घरी रोज हेच ऐकते मी. ह्याच्यावर नाचायचं असतंय, हे कुठं ठाव होतं!"