काळे उंदीर येईपर्यंत

लसीच्या प्रयोगशाळेत सगळे तिला उंदीरबाई म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. डांग्या खोकल्याच्या लसीची प्रत्येक खेप आधी उंदरांना टोचायची, मग त्यांना रोगाचे जंतू द्यायचे आणि किती जगतात ते बघायचं, हे तिचं काम. कोणत्या वाणाचे उंदीर घ्यायचे हे ठरवण्यातच तिची दोन वर्षं गेली होती. पांढरे मुळातच चिवट. पाणचट लस दिली तरी जगायचे. तपकिरी इतके नाजूक, की कसदार लस देऊनही पटापट मरायचे. काळ्यांनी मात्र कसदार कोणती नि पाणचट कोणती, ते चोख दाखवलं.

"मला निवडताना एवढी पारख केली नव्हतीस," नवरा म्हणायचा.

"तेव्हा नमुना एकच होता," ती म्हणायची.

मग काळ्यांच्या खोलीत रोग शिरला. नाकं वाहू लागली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, सगळे मारावे लागतील.

"चार जोड्या तरी ठेवू या," तिने गयावया केली.

"एक ठेवला तरी रोग राहिला, बाई."

संध्याकाळपर्यंत पिंजरे रिकामे झाले. लसीची नवी खेप तर शीतगृहात तयार पडलेली.

साहेब म्हणाले, "पांढऱ्यांवर उरका."

"त्यांच्यावर काहीही पास होईल, साहेब."

"मग बसा थांबून. पण बाहेर लस संपलीय, एवढं ध्यानात ठेवा."

त्याच आठवड्यात भावजयीचा फोन आला. "वन्सं, दवाखान्यात लस नाही म्हणतात. बाळाची वेळ झालीय. तुमच्याकडे आहे ना?"

"आहे, पण तपासलेली नाही गं."

"मग तपासा की!"

तिने फोन ठेवला आणि काळे उंदीर मिळतील का, ते विचारायला दुसऱ्या प्रयोगशाळांना फोन लावले.

काळ्यांच्या निरोगी जोड्या दुसरीकडून आल्या, पण त्यांची पिल्लावळ वाढायला महिने लागले. ती रोज पिंजऱ्यांपुढे जाऊन उभी राहायची. उंदरांना घाई थोडीच करता येते! तेवढ्यात बाळाला डांग्या खोकला झाला. खोकता खोकता ते निळं पडायचं. ती दवाखान्यात उशाशी बसून राहिली. भावजय तिच्याकडे बघतही नव्हती. बाळ वाचलं, पण पार सुकून गेलं.

अखेर तपासणी झाली. लस उत्तम निघाली. पहिल्यापासून उत्तमच होती. तिला राहवेना. भावाच्या घरी जाऊन तिने सांगून टाकलं.

"म्हणजे तेव्हा दिली असती तर चाललं असतं?" भावजयीने विचारलं.

"हो."

"आणि तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कळायला काही मार्गच नव्हता गं."

भावजय बाळाला खांद्यावर टाकून आत गेली. भाऊ दारापर्यंत सोडायला आला.