कुरडयांची कविता
परवा ओला टॉवेल तोंडावर धरला आणि बोईसरच्या भाड्याच्या खोलीतली ती दुपार आठवली. जवळच्या कारखान्यात वायुगळती झाली होती. दारं-खिडक्या बंद ठेवा, असं सांगत जीप फिरत होती. फटींत ओले टॉवेल कोंबले, तरी उग्र वास आत येतच होता. आईला दमा. तिच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा उतरत होता आणि रुग्णवाहिका अजून वाणगावलाच होती. मी घडोघडी आकडा मोठ्याने सांगत होतो. "तुम्ही गप्प बसा हो, त्या जास्तच घाबरतात," बायको म्हणाली. आईची पाठ चोळत तिने आपलं कवितांचं पुस्तक उघडलं आणि गच्चीवर कुरडया घालणाऱ्या एका बाईची कविता संथपणे वाचू लागली. ओळ संपली की आई श्वास सोडायची. कविता संपल्यावर बराच वेळ नुसती धाप ऐकू येत होती. मग आई म्हणाली, "अगं, कुरडया घातल्या खऱ्या, पण राखणीला कोण? कावळे सोडतील होय?" एवढं सगळं ती एका दमात बोलली, आणि आकडा बघायचं मी विसरूनच गेलो. तोवर कविता म्हणजे मला रिकामटेकडेपणा वाटायचा. हल्ली संध्याकाळी मीच आईला कविता वाचून दाखवतो, आणि घरकामातलं कुठल्या कवीला काय कळत नाही, ते ती मला ऐकवते.